बारा ग्लासांची पंगत

आमच्या गाळ्यात लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात स्टीलचे बारा ग्लास असायचे. सगळे एका मापाचे, एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेले. त्यांतून कुणी चहा प्यायचा नाही की पाणी प्यायचं नाही. एकदा एकाला पोचा पडला तर पप्पांनी बाराच्या बारा ग्लास बदलायला लावले. मालक कुरकुरले, पण बदलले. गाळ्यात मालक मालक होते, पण ग्लासांच्या बाबतीत पप्पांचं चालायचं.

गाळा वागळे इस्टेटमध्ये. पप्पा तिथे फिटर होते, मी तिथेच इंजिनियर आहे. डिग्री झाल्यावर दुसरीकडे लागेपर्यंत सहा महिने म्हणून आले, त्याला आता आठ वर्षं झाली. कल्याणहून दोघं एकत्र निघायचो आणि गाळ्याच्या दारात पाऊल टाकलं की एकमेकांचे कुणी लागत नसल्यासारखे वागायचो. ही अट त्यांची होती. माझी काही अट नव्हती.

आम्ही मिठाच्या पाण्यातून औषध काढायची मशिनं बनवतो. गावाच्या टाकीत पूर्वी पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकायचे, कधी जास्त, कधी कमी, कधी टाकायचीच विसरायचे. त्याऐवजी हे मशीन. मिठाचं पाणी खालून आत शिरतं, उभ्या प्लेटांच्या मधल्या फटींतून वर चढतं, प्लेटांना वीज दिलेली असते, आणि वर येईपर्यंत त्याचं क्लोरीनचं पाणी झालेलं असतं. ते टाकीत सोडायचं. ऐकायला एवढं सोपं आहे की माझ्या मामीला वाटतं मी गाळ्यात बसून मीठ कालवते.

अडचण एकच आहे. तेरा प्लेटा, बारा फटी, आणि बाराही फटींना सारखं पाणी मिळायला हवं. पाणी मुळात आळशी. वाट सोपी असेल तिकडे जातं, बाकीच्यांचं काय होईल ते होवो. एका फटीला कमी मिळालं की तिथलं पाणी तापतं, त्यात बुडबुडे कोंडतात, प्लेट कोरडी पडते आणि तिच्यावरचा लेप जळतो. लेप जळालेली प्लेट म्हणजे नुसता पत्रा. आणि एक फट गेली की संपूर्ण मशीन गेलं.

म्हणून खाली एक आडवा पाइप असतो, हेडर म्हणतात त्याला, आणि त्याला बारा भोकं. सगळी अक्कल त्या भोकांत. कॉलेजात मी चार वर्षं यावर समीकरणं मांडली. पप्पा दहावी नापास, त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "हेडर ढेरपोट्या पाहिजे, भोक कंजूस पाहिजे. बस." मी घरी येऊन गणित करून बघितलं. बरोबर होतं. राग आला होता तेव्हा, ते आठवतं.

भोकं ड्रिलने पाडली की आतल्या काठाला प्लास्टिकचं एक बारीक, वळलेलं टोक राहतं. पप्पा त्याला कुसळ म्हणायचे. बाहेरून ते दिसत नाही. पप्पा बाही दुमडून कोपरापर्यंत हात हेडरमध्ये घालायचे, डोळे मिटायचे आणि बोटाचं टोक एकेका भोकावरून फिरवायचे. कुसळ लागलं की बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचे, परत फिरवायचे. दुर्बिणीसारखी एक नळी मालकांनी आणली होती आत बघायला. पप्पांनी ती एकदा डोळ्याला लावली, "छान आहे," म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. सत्तावीस वर्षांत त्यांच्या बोटातून एक कुसळ सुटलं नव्हतं.

मग ग्लास. हेडरच्या बारा भोकांना बारा नळ्या लावायच्या, प्रत्येक नळीखाली एक ग्लास मांडायचा आणि पप्पांनी व्हॉल्व्ह उघडायचा. बारा धारा एकदम सुरू. अर्ध्या मिनिटात बंद. मग सगळ्यांनी वाकून बघायचं, बाराही ग्लासांत पाणी एका रेषेत आहे का. असलं की पप्पा म्हणायचे, "पंगत बसली." नसलं तर एकच शब्द, "पंक्तिप्रपंच," आणि हेडर परत उघडायचा. मापाच्या काचेच्या नळ्या होत्या आमच्याकडे, पण त्या मी वापरायचे, कागदासाठी. निकाल ग्लासांचा.

पंगतीचं त्यांचं वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. त्यांचं गाव खडवलीहून आत, भातसा ओलांडून. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे. गावातल्या लग्नात यांची पंगत शेवटी बसायची, गोठ्याच्या बाजूला, आणि डाळ तिथपर्यंत येईतो तिचं पाणी झालेलं असायचं. प्यायचं पाणी मागायला गेलं की ओट्याखाली उभं राहायचं, वरून कुणीतरी तांब्याने ओतायचं, यांनी ओंजळ धरायची. हे सांगताना पप्पा चिडले नव्हते. ते म्हणाले, "एवढ्या उंचीवरून ओतलं की निम्मं सांडतं. जवळून ओतलं असतं तर पुरलं असतं." मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणायचात?" "काय म्हणणार, ओंजळ मोठी धरायचो."

आई गेली त्याला गेल्या पावसाळ्यात वर्ष झालं. तिचं दुखणं लांबलचक नव्हतं, अकरा दिवसांत आटोपलं. मी रडले नाही. चाळीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते. जलदानाच्या दिवशी विहारात पप्पांनी तांब्यातून वाटीत पाणी ओतलं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. भंतेजी पाली भाषेत गाथा म्हणत होते, मावशी हुंदके देत होती, आणि मी त्या धारेकडे बघत होते, कुठे जाड होते, कुठे तुटते. धार चांगली एकसारखी होती. मला एवढंच वाटलं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर सगळं तसंच चाललं. जेवण बेचव नव्हतं, चविष्टही नव्हतं. रविवार यायचे, जायचे.

आता घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक वाटून घेतला, सकाळचा माझा, संध्याकाळचा त्यांचा. एका संध्याकाळी मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते आणि पप्पा भाकरी टाकत होते. भाकरी उलटायला त्यांनी बोटं तव्यावर टेकवली आणि मागे घेतलीच नाहीत. माझ्याशी बोलत होते, रिक्षावाल्याची काहीतरी गोष्ट, आणि बोटं तव्यावर. मी त्यांचा हात ओढला. बोटांच्या टोकांवर पांढरे डाग पडले होते.

"भाजलं ना!"

"कुठे? नाय भाजलं," ते म्हणाले आणि हात पाठीमागे घेतला.

मग मला एकेक आठवायला लागलं. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा. आणि महिन्यापूर्वी गल्लीत त्यांच्या पायातली चप्पल निसटली होती, आणि ते एका पायाने तसेच पुढे चालत गेले होते, किराणा दुकानापर्यंत. दुकानदाराने दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. आम्ही दोघं हसलो होतो त्यावर.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि बोटांवर कापूस फिरवला. "कळतंय तेव्हा हो म्हणा." पप्पा अंदाजाने हो म्हणत होते. कापूस नसतानाही हो म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवत होते. साखरेमुळे झालंय, पायापासून सुरू होतं, हातापर्यंत आलंय, गेलेलं फारसं परत येत नाही, आहे ते सांभाळा. परत येताना शेअर रिक्षात पप्पा खिशात हात घालून बसले होते.

"गाळ्यात बोलू नकोस," ते म्हणाले.

"अहो पण पप्पा, तुमचं कामच..."

"दोनच महिने राहिलेत रिटायर व्हायला. सत्तावीस वर्षं लोक ह्या हातावर सह्या करत आलेत. जाताना सगळ्यांसमोर हात नापास नको व्हायला. कळलं ना?"

कळलं, मी म्हणाले. खरं तर मला चूक-बरोबर काही वाटलंच नाही. ते म्हणाले नको, मी म्हटलं बरं.

आणि त्याच आठवड्यात त्यांच्या गावची ऑर्डर आली. ग्रामपंचायतीच्या नव्या टाकीवर आमचं मशीन बसणार होतं, वरच्या आळीला आणि खालच्या वस्तीला एकाच टाकीचं पाणी. मालकांनी कागद दाखवला तेव्हा पप्पांनी चष्मा लावून गावाचं नाव दोनदा वाचलं. "हे मी एकटा करणार," म्हणाले. मालक हसून म्हणाले, "करा, शेवटचंच आहे." त्या संध्याकाळी पप्पांनी येताना सुकट आणली आणि स्वतःच कालवण केलं. आई गेल्यापासून घरात सुकट शिजली नव्हती.

त्यांनी तो हेडर सहा दिवस केला. एरवी दोन दिवसांचं काम. भोकं पाडली, बाही दुमडली, हात आत घातला, डोळे मिटले. मी माझ्या टेबलावरून बघत होते. बोट प्रत्येक भोकावर एरवीपेक्षा जास्त वेळ थांबत होतं. सगळ्या भोकांना त्यांनी पॉलिश पेपर लावला, कुसळ असो नसो. मला वाटलं, सगळंच घासताहेत तर राहणार नाही काही. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

चाचणीच्या दिवशी गाळ्यातले सगळे जमले, शेवटची पंगत म्हणून. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं. मी कागद घेऊन उभी होते, बारा खान्यांचा तक्ता, खाली माझी सही. पप्पांनी व्हॉल्व्ह उघडला. बारा धारा सुरू झाल्या. बंद केला. मी वाकून बघितलं.

सातवा ग्लास एक बोट कमी होता.

इतर कुणी नीट वाकलं नव्हतं, सगळे पप्पांकडे बघत होते. पप्पा व्हॉल्व्हपाशी होते, हात अजून चाकावर. ते माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मी एक शब्द बोलले असते तर हेडर उघडला असता, दुसऱ्या कुणीतरी हात घातला असता, आणि सगळ्यांना कळलं असतं. एक बोट म्हणजे काय मोठं, मी मनात म्हटलं, मशीन चालेल. बाराही खान्यांत मी 'समान' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"पंगत बसली," मी म्हणाले. ते वाक्य त्यांचं होतं, पण त्या दिवशी ते मी बोलले. पप्पा क्षणभर थांबले आणि मग सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागले.

पुढच्या महिनाअखेर त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मालकांनी भाषण केलं, ह्या हातात देव आहे वगैरे. पप्पा देव मानत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी ते ऐकून घेतलं.

मे महिन्यात गावाहून फोन आला. मशीन बंद पडलं, आतून जळका वास येतो. मशीन तिथला पाणी सोडणारा माणूस सांभाळायचा. त्याने रोज मीठ मोजून टाकलं होतं, वहीत लिहिलं होतं. पण टाकीचं पाणी औषधाशिवाय सोडता येत नव्हतं, म्हणून पंचायतीने नळ बंद केले आणि बायका चार दिवस हंडे घेऊन नदीवर जात होत्या. मालकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मिठात माती घातली असणार. गावाकडे असंच. जाऊन प्लेटा बदल, आणि रिपोर्टात तेच लिही. उगाच आपल्या अंगावर नको."

मी बरं म्हणाले. मी त्या काळात सगळ्यालाच बरं म्हणायचे.

जेवताना पप्पांना सांगितलं. ताटातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "मग त्या माणसाचं काय?"

"पंचायत त्याला काढणार असं म्हणत होते. नीट सांभाळलं नाही म्हणून."

"तो माझ्या वर्गात होता," पप्पा म्हणाले. "वरच्या आळीतला. मिठात माती घालणारा नाय तो." त्यांनी ताट बाजूला सारलं. "उद्या मीपण येतो."

खडवलीला उतरून आम्ही टमटम पकडली. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. नदीच्या पुलावरून खाली सहलीला आलेली माणसं पाण्यात डुंबताना दिसत होती, आणि पुढच्या वळणावर बायका त्याच नदीतून हंडे भरत होत्या. पप्पांनी दोन्हीकडे बघितलं. माझ्या पिशवीत नव्या प्लेटा होत्या आणि रिपोर्टाचा फॉर्म. फॉर्मवर एक ओळ असते, बिघाडाचं कारण.

पाणी सोडणारा टाकीखालच्या खोलीबाहेर उभा होता. साठीच्या घरातला, खांद्यावर टॉवेल. पप्पांना बघून आधी ओळखलंच नाही, मग "अरे तू!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडला की मी दचकले. मग लगेच त्याचा चेहरा उतरला आणि त्याने वही पुढे केली. "बघ, रोजचं लिहिलंय. मीठ पण बघ, पोतं हाय आत. मी माती नाय घातली रे."

"मला दाखवू नकोस," पप्पा म्हणाले. "मशीन उघडू दे आधी."

सातव्या फटीच्या दोन्ही प्लेटा काळ्या पडल्या होत्या. बाकी सगळ्या चांगल्या. मातीमुळे बिघडलं असतं तर सगळ्याच फटी थोड्याथोड्या बुजल्या असत्या, हे मला बघताक्षणी कळलं. पप्पांनी हेडर सोडवला, मांडीवर घेतला, बाही दुमडली आणि हात आत घातला. डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बोट पहिल्या भोकापासून बाराव्यापर्यंत गेलं, परत पहिल्यापर्यंत आलं. मग त्यांनी हात बाहेर काढला.

"मला काय कळत नाय," ते म्हणाले. त्यांच्या वर्गमित्रासमोर म्हणाले. "तू घाल."

मी हात घातला. आठ वर्षांत पहिल्यांदा, कारण ते काम माझं कधी नव्हतंच. आत थंड होतं आणि मिठाने चिकट. एक, दोन, तीन, सगळी भोकं गुळगुळीत. सातव्याला बोट टोचलं. चिमट्याने काढलं तर तांदळाच्या दाण्याएवढं निघालं, मधे प्लास्टिकचं वळलेलं टोक आणि त्याला धरून रेती आणि मीठ घट्ट बसलेलं. रेती कुठल्याही मिठात थोडी असतेच, बाकीची अकरा भोकं ती गिळून मोकळी झाली होती. इथे ती कुसळाला अडकत गेली आणि भोक बंद झालं. मी ते पप्पांच्या तळहातावर ठेवलं.

"सातवा," ते म्हणाले. विचारलं नाही त्यांनी, सांगितलं.

भोक असतं तर सातवं म्हणाले असते; सातवा होता तो ग्लास, आणि त्याचं मी कधी कुणाला बोलले नव्हते. "तुम्हाला कसं माहीत?"

"ग्लास दिसला होता मला. त्या दिवशी."

पाणी सोडणारा दाराशी उभा होता, तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तपासणारी तू ना." त्यांनी तळहातावरचा दाणा बोटाने चाचपून बघायचा प्रयत्न केला, मग डोळ्यांजवळ नेला. "तू पंगत बसली म्हणालीस. मग मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसंल. म्हटलं, हात गेला, आता नजर पण गेली."

त्यांचा हात झाकायला म्हणून मी गप्प बसले होते, आणि चार महिने ते स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन फिरत होते. मधे दोनदा त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता. मी सोबत गेले होते. नंबर बदललेला नव्हता, आणि ते डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होते, नक्की ना?

ग्रामसेवक आले तेव्हा पप्पाच पुढे झाले. "मीठ चांगलं आहे," ते म्हणाले. "ह्या माणसाची काय चूक नाय. भोकात कुसळ राहिलं होतं. हे मशीन माझ्या हातचं आहे." मग मला म्हणाले, "लिही. माझं नाव लिही." मी फॉर्म मांडीवर घेतला. बिघाडाच्या कारणापुढे लिहिलं, सातव्या भोकात राहिलेलं कुसळ. खाली लिहिलं, चाचणीत सातवा ग्लास कमी दिसला होता, तरी मी समान लिहिलं. पप्पांचं नाव मी लिहिलं नाही, सही माझी होती. मालक काय म्हणतील याचा विचार डोक्यात आला आणि गेला. पाणी सोडणारा टॉवेलने तोंड पुसत बाजूला उभा होता. ग्रामसेवकांनी कागद वाचला, घडी घातली, म्हणाले ठीक आहे, पाणी कधी सुरू होईल ते सांगा.

नव्या प्लेटा बसवायच्या आधी पप्पांनी ग्लास मागितले. आमचे बारा गाळ्यातल्या कपाटात होते. पाणी सोडणाऱ्याचं घर टाकीला लागूनच. त्याच्या बायकोने आधी घरातले रोजचे ग्लास आणले, तर कुठला उंच, कुठला बुटका. पप्पा म्हणाले, "वहिनी, एका मापाचे पाहिजेत. नाहीतर भांडण लागतं पाण्यात." ती आत गेली आणि मांडणीवरचा खोका घेऊन आली. तिच्या सुनेच्या रुखवतातला सेट, अजून कागदात गुंडाळलेला, दोन ग्लासांवर दुकानाचं लेबल. बारा बरोबर होते. तिने स्वतः पुसून एकेक माझ्या हातात दिला. पप्पांनी ते ओळीत मांडले, नळ्या लावल्या आणि मला म्हणाले, "व्हॉल्व्ह तू सोड. बघायचं मी बघतो."

मी सोडला, बंद केला. ते गुडघ्यावर बसून वाकले, ग्लासांच्या ओळीला नजर लावून, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. सातव्यापाशी थांबले. परत बघितलं.

"बसली," ते म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. "तू पण बघ. खरं सांग." मी बघितलं, आणि खरं सांगितलं. बसली होती.

प्लेटा बसवून, वीज देऊन, मशीन सुरू व्हायला दुपार झाली. क्लोरीनचा वास आला, नुकत्याच धुतलेल्या संडासाचा वास. पाणी सोडणारा नाक दाबून हसला. मग त्याने हाताला धरूनच पप्पांना घराच्या ओट्याकडे नेलं. शेणाने सारवलेला ओटा केव्हाच जाऊन तिथे लादी आली होती. पण उंची तेवढीच असणार, कारण पायरी चढण्याआधी पप्पा खाली, जमिनीवर, क्षणभर उभे राहिले आणि वर बघितलं. मला तेव्हाच समजलं की हाच तो ओटा. त्यांनी मला घर कधी सांगितलं नव्हतं. पाणी सोडणारा म्हणाला, "ये ना वर, तिथे काय उभा राहिलास." त्याला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही.

चहा आला. त्याच रुखवताच्या ग्लासांतून, काठोकाठ, उकळता. पप्पांना साखर चालत नाही, मी म्हणायला गेले, त्यांनी मानेनेच, बोलू नकोस, म्हणून सांगितलं. ग्रामसेवकांनी ग्लास लगेच खाली लादीवर ठेवला. पाणी सोडणाऱ्याने टॉवेलच्या टोकाने धरला. मी माझा धरलाच नाही. पप्पांनी त्यांचा ग्लास उजव्या मुठीत घेतला, सगळा तळवा लावून, आणि शाळेच्या गोष्टी बोलायला लागले. कुठले मास्तर, कुठली छडी, कोण कुठे गेलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ग्लासातून वाफ येत होती.

"अरे, भाजत नाय का तुला?" पाणी सोडणाऱ्याने विचारलं.

"नाय रे," पप्पा म्हणाले. "चांगलाय."

त्यांच्या बोटांची टोकं लाल झाली होती. मी पुढे वाकून ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला.

मला भाजलं. एवढं भाजलं की बोटं आपोआप उघडायला लागली. पण नव्या सुनेचा ग्लास, ह्या ओट्यावर, ह्या लोकांसमोर कसा टाकायचा, म्हणून मी तसाच धरून राहिले. डोळ्यांत पाणी आलं. आधी चटक्याने आलं. मग ते थांबेना. भर दुपारी, परक्या घरच्या ओट्यावर, ग्रामसेवकांसमोर मी रडायला लागले, आईच्या वेळी रडायला हवं होतं तशी, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. पाणी सोडणाऱ्याची बायको आतून धावत आली. "काय झालं गं बाय?" ती विचारत होती, आणि मला एवढंच म्हणता येत होतं, भाजतंय, भाजतंय.

"दे इकडे," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी ग्लास माझ्या हातातून परत घेतला. त्यांना तो गरम लागत नव्हता.